रजनीताईच्या गोळ्या

आमच्या टोकरखाड्याच्या कॉलनीत गौरी-गणपती जवळ आले की बायका आधी रजनीताईकडे जायच्या आणि मग वाण्याकडे. मखर, नैवेद्य, पाहुणे हे सगळं नंतर. आधी तारखा. "ताई, माझी नेमकी गौरी जेवायच्या दिवशी येतेय गं," असं कुणी दारात कुजबुजलं की रजनीताई तिथेच पर्स उघडायची, गोळ्यांची पट्टी कात्रीने कापायची आणि तिच्या हातावर ठेवायची. आवाज मात्र तिला बारीक करता येत नसे. "पूजा झाली की बंद कर, दोन-तीन दिवसांत येईल मग!" हे तिसऱ्या मजल्यावरून खाली स्कूटर पुसणाऱ्या पुरुषांना स्वच्छ ऐकू जाई आणि ते बिचारे चाकाकडे बघत बसत. अर्ध्या बिल्डिंगीची पाळी तुझ्या पर्समध्ये असते, असं मी तिला एकदा म्हटलं, तर तिला त्याचा अभिमानच वाटला.

रजनीताई म्हणजे रजनी धुरी. मूळची वेंगुर्ल्याची. सिल्वासात मराठी शाळेवर खेळाची शिक्षिका म्हणून आली आणि इथलीच झाली. नवरा मधुकर वीजखात्यात. दोघांच्या वाटचं ती एकटीच बोलत असल्यामुळे त्याला तोंड उघडायची गरज कधी पडली नाही. मी समोरच्या दारात राहते. सरकारी कचेरीत कारकून आहे. कुठली गोष्ट कुणाच्या माथी मारून मोकळं व्हायचं हे रोज डोळ्यांदेखत बघते, त्यामुळे माणसांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. रजनीताईचा सगळ्यांवर होता. त्यावरून आमची भांडणं व्हायची, आणि भांडण झालं की संध्याकाळी तिच्याकडून तळलेल्या बांगड्यांची ताटली यायची.

त्या गोळ्यांच्या मागे तिचा एक जुना राग होता. सतरा वर्षांची असताना ती खो-खोत अख्ख्या तालुक्यात नावाजलेली होती. जिल्ह्याच्या संघाची निवड सावंतवाडीला होती आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी तिची पाळी आली. घरात चार दिवस बाहेर बसायची पद्धत. आत्येने तिला मागच्या पडवीत बसवलं आणि गाडीची वेळ टळेपर्यंत दारातून हलली नाही. रजनीताईच्या जागी जी मुलगी निवडली गेली ती पुढे राज्याकडून खेळली आणि पोलिसात लागली. "मैदानात कुठलो देव होतो गो, माझ्यामुळे बाटूक?" असं ती पन्नाशी उलटल्यावरही मला विचारायची. रागावली की तिची मालवणी वर यायची. लग्नानंतर सासरच्या पहिल्या गणपतीला जावेने तिला ती गोळी दिली तेव्हा तिला आनंद झाला नाही, ती रडली म्हणे. एवढीशी गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत होती आणि आपण पडवीत बसून राहिलो, याचं ते रडणं होतं.

मग शेठचा क्लब निघाला. सूत काढणाऱ्या कारखान्याच्या एका मालकाला मुलींचा व्यावसायिक फुटबॉल संघ काढायची हौस आली. कारखान्याच्या मागे मोठं टर्फ घातलं, टोकरखाड्यातच तीन फ्लॅट घेऊन मुलींना ठेवलं, आणि संघ देशपातळीवरच्या लीगच्या खालच्या श्रेणीत उतरवला. मणिपूरच्या मुली आल्या, झारखंडच्या आल्या, इथल्या कारखान्यांत कामाला आलेल्या धुळ्या-नंदुरबारकडच्या घरांतल्या दोघी होत्या. संघाबरोबर एक बाई माणूस हवंच, असा लीगचा नियम. शेठनी रजनीताईला विचारलं आणि तिने शाळेची पेन्शनीपर्यंतची नोकरी सोडून दिली. मी तिला वेडी म्हटलं. ती म्हणाली, "शीतल, खेळून पोट भरणाऱ्या मुली मी जन्मात पाहिल्या नाहीत. आता पाहते, तर घरी बसू?"

तिला नाव मिळालं मॅनेजर. काम म्हणजे काय, तर गाडीची तिकिटं, धुतलेल्या जर्सी, कुणाचा ताप, कुणाचं रडणं, कुणाचं फोनवरचं प्रेमप्रकरण. क्लबला डॉक्टर नव्हता. फिजिओ होता, तो सामन्यापुरता सुरतेहून यायचा आणि सामना संपला की जायचा. बाकी पोरींच्या अंगाचं जे काही असेल ते रजनीताईचं.

त्या पोरींत एक गुड्डी तुंबडा. जवळच्या सुरंगी गावची. वारली घरातली, रजनीताईच्याच शाळेत शिकलेली आणि तिनेच पारखलेली. आई तानूबाई दुसऱ्यांच्या शेतावर जायची आणि दिवसमानाप्रमाणे रानातलं काहीबाही गोळा करून आणायची. गुड्डी बुटकी, काटक, अबोल. डावीकडून चेंडू घेऊन निघाली की समोरच्या उंच उंच पोरी नुसत्या वळत राहायच्या. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, पण ती धावायला लागली की मीसुद्धा खुर्चीवरून उठायची. पहिल्या मोसमानंतर दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबने तिच्याबद्दल चौकशी केली होती. तेव्हापासून गुड्डीच्या डोक्यात एकच होतं: अजून एक मोसम असाच काढायचा आणि वरच्या श्रेणीत जायचं. रजनीताईच्या डोक्यातही तेच होतं. मला तर वाटतं, गुड्डीपेक्षा जास्त.

क्लबच्या जेवणाचं एक होतं. शेठच्या घरचा नियम म्हणून क्लबच्या जागेत अंडं-मासळी चालायची नाही. डाळ, भात, पोळी, बटाट्याची भाजी, ताक. मणिपूरच्या पोरी बाहेर जाऊन काहीतरी खाऊन यायच्या. गुड्डी नागलीची भाकर आणि सुकट यांवर वाढलेली, तिला ती गोडसर डाळ उतरायची नाही, आणि बाहेर खायची तिला सवय नव्हती. शिवाय प्रथमेश होता. प्रथमेश म्हणजे प्रशिक्षक, पुण्याहून कोर्स करून आलेला, वाईट मुलगा नव्हे. पण हलकं अंग म्हणजे जोरात पळणं, एवढं त्याने पक्कं केलं होतं. दर सोमवारी काट्यावर उभं करायचा. वजन वाढलेलीला जास्त फेऱ्या. गुड्डीचं वजन कधी वाढलं नाही, म्हणून तो तिचं उदाहरण द्यायचा. रजनीताई घरी येऊन मला ते कौतुकाने सांगायची, आणि आम्ही दोघी बांगडा खात असायचो.

गोळ्यांची पद्धत संघात कशी सुरू झाली ते मला ठाऊक आहे, कारण तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. पहिल्याच मोसमात मणिपूरच्या एका मुलीला ऐन सामन्याच्या दिवशी इतका त्रास झाला की ती उठू शकली नाही. पुढच्या वेळी रजनीताईने तिला आधीपासून गोळ्या दिल्या. ती खेळली, जिंकून आली. मग दुसरीने मागितल्या. मग लांबचा प्रवास असला, दोन सामने लागून असले की रजनीताई सगळ्यांनाच द्यायला लागली. प्रसाद वाटावा तशी रांगेत. मुली खूश. प्रथमेशला एकदा तिने सांगायला घेतलं तर त्याचे कानच लाल झाले. "ते लेडीज प्रॉब्लेम तुमच्याकडे, मॅडम. मला त्यात घेऊ नका." तिने नाही घेतलं. आपल्या घरांत गौरीपुढे बसायला बायका घेतात, तर ह्या पोरी पोटासाठी घेतात, एवढाच तिचा हिशोब. तिच्या आत्येने तिला बसवलं होतं, ती एकाही पोरीला बसवणार नव्हती.

दिवाळीनंतर गुड्डीची नडगी दुखायला लागली. आधी सराव संपल्यावर, मग सराव चालू असताना. प्रथमेश म्हणाला, पळणाऱ्या सगळ्यांनाच होतं. फिजिओने बर्फ लावला, पट्टी बांधली. रजनीताई संध्याकाळी तिला आमच्या मजल्यावर आणून कोमट तेलाने पाय चोळायची. मी तिथे बसलेली असायची. एकदा तेलाचा हात हाडावर जरा जोरात पडला तशी गुड्डीने चटईची कड मुठीत धरली, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"नाही, मॅडम. चोळल्यावर बरं वाटतं," ती म्हणाली.

"बघ, कशी आहे माझी वाघीण," रजनीताई म्हणाली.

जानेवारीतला सामना इथेच होता. दक्षिणेतल्या त्या क्लबचा माणूस बघायला येणार अशी बातमी होती, आणि तो आलाही होता. अर्धा खेळ झाला, गुड्डी नेहमीसारखीच पळत होती, फक्त थांबली की एका पायावर उभी राहत होती. मग डावीकडून चेंडू घेऊन ती निघाली, आत वळायला तिने पाय रोवला आणि खाली पडली. तिच्या अंगाजवळ कुणी नव्हतं. धक्का नाही, लाथ नाही. आवाज मात्र कुंपणाबाहेर बसलेल्या मलाही ऐकू आला, वाळलेलं लाकूड गुडघ्यावर मोडतात तसा. रजनीताई धावत आत गेली. गुड्डीने तिचा हात धरून पहिलं काय विचारलं असेल, तर "तो माणूस गेला का, मॅडम?"

रुग्णवाहिका येईना म्हणून मधुकरनेच आपल्या गाडीतून तिला वापीला नेलं. मागे आम्ही दोघी, गुड्डीचा पाय आमच्या मांडीवर. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, बराच वेळ बघितला, आणि त्यांनी जे विचारलं ते मला आधी कळलंच नाही.

"पाळी नियमित येते का हिची?"

रजनीताईने लगेच उत्तर दिलं. शिक्षिका ती, मुलांच्या आधी उत्तर द्यायची सवय. "येते, डॉक्टर. आत्ता मी सामन्यासाठी लांबवली आहे. गोळी दिली आहे."

डॉक्टरांनी गुड्डीकडे बोट केलं. मग म्हणाले, "मी हिला विचारतोय."

गुड्डीने भिंतीकडे तोंड केलं. "नाही येत," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"गेल्या होळीच्या आधी आली होती. मग नाही."

त्या खोलीत रजनीताईचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, आता हिलाच खाटेवर घ्यावं लागणार. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. अंगाला खायला कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांतलं काढून खायला लागतं, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. नडगीला आधीपासूनच बारीक चीर होती, तीच आज तुटली. पाळी थांबली तेव्हाच कुणाच्या लक्षात आलं असतं तर तिला थांबवून, नीट खायला घालून हे टळलं असतं. "पण तुम्ही सगळ्यांनाच गोळ्या देत होता," ते म्हणाले. "मग कुणाची खरोखरच थांबली आहे ते कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी गुड्डीचं सामान आणायला आम्ही क्लबच्या फ्लॅटवर गेलो. तिच्या पिशवीच्या तळाशी पॅडची पाकिटं निघाली, एकही न फोडलेली. क्लबचं कपाट रजनीताईच्या ताब्यात असायचं आणि मुली महिन्याच्या महिन्याला तिच्याकडून पाकिटं मागून न्यायच्या. गुड्डीही न चुकता यायची, मागायची, घेऊन जायची. वर्षभर. कुणाला शंका येऊ नये म्हणून. रजनीताई ती पाकिटं मांडीवर घेऊन पलंगावर बसली आणि मोठ्याने रडली. मला तिची दया आली आणि तितकाच रागही आला. तिचा, प्रथमेशचा, शेठच्या त्या पवित्र स्वयंपाकघराचा, सगळ्यांचा.

आता खरा प्रश्न पुढे होता. लीगचा एक नियम होता: खेळताना किंवा क्लबच्या हलगर्जीपणामुळे खेळाडू जायबंदी झाली, तर तिचा सगळा इलाज क्लबने करायचा आणि पुढच्या मोसमात तिची जागा राखायची. मोडलेला पाय पुन्हा पळता करायला ऑपरेशन पुरत नाही. मागून महिनोन्‌महिने व्यायाम करवून घेणारा जाणकार लागतो, तसं खाणं लागतं. ते सुरंगीत कुठून येणार? क्लबने ठेवली तर गुड्डी परत खेळेल, सोडली तर नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. क्लबचं म्हणणं पडलं की तिला कुणी लाथ मारली नाही, ती आपोआप पडली, तेव्हा आधी चौकशी होऊ द्या. लीगच्या खेळाडू कल्याण विभागातल्या बाई संगणकाच्या पडद्यावरून ऐकणार होत्या.

आदल्या संध्याकाळी मी रजनीताईला समोर बसवलं. माझा सगळा जन्म कचेरीत गेला आहे, अशा बैठकीत काय होतं ते मला कळतं.

"ते तुझ्या गोळ्यांवर आणतील," मी म्हटलं. "तू फक्त एवढं सांग, की गोळ्या देते हे क्लबला माहीत होतं, क्लबनेच मुलींना सामन्याला उभं करायला सांगितलं होतं. बस. मग क्लब अडकला."

"क्लबने गोळ्या द्यायला नाही सांगितलं."

"प्रथमेश काय म्हणाला होता? ते तुमच्याकडे, मॅडम. म्हणजे त्याला कळलं होतं."

"त्याने मला पुरतं सांगूच दिलं नाही. त्याने गोळी डोळ्यांनी पाहिली नाही."

"अगं, मग खोटं बोल एकदा! मधुकरराव, तुम्ही तरी सांगा."

मधुकर खिडकीशी उभा होता. "ती नाही बोलणार," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याने दिलेला तो सर्वांत लांब अभिप्राय असावा.

"माझ्या हातान झाला, तर माझ्या तोंडान सांगतलंय," रजनीताई म्हणाली. "दुसऱ्याच्या पोराच्या गळ्यात मी घालूचंय नाय."

बैठक कारखान्याच्या कचेरीत झाली. मी सोबत म्हणून मागे बसले. शेठ होते, प्रथमेश होता, पडद्यावर त्या बाई. बाई चांगल्या होत्या. त्यांनी जेवणाचं विचारलं, वजनाचं विचारलं. डॉक्टर का नव्हता हेही त्यांनी विचारलं. प्रथमेशला घाम फुटला होता. शेठ म्हणाले, "मॅडम, सब बराबर आहे. पण बच्चीला ज्या गोळ्या दिल्या, त्या क्लबने नाही दिल्या. ते जरा पूछो."

बाईंनी रजनीताईला विचारलं, "गोळ्या द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. माझ्या मनाने दिल्या."

"प्रशिक्षकांना, व्यवस्थापनाला कल्पना होती?"

मी मागून तिच्या खुर्चीला पाय लावला. प्रथमेश टेबलाकडे बघत होता. त्याने मान वर केली असती तरी खूप झालं असतं.

"नव्हती," रजनीताई म्हणाली. "सगळी चूक माझी आहे. पोरीला काही कळत नव्हतं आणि ह्या लोकांना काही माहीत नव्हतं. जे करायचं ते मला करा."

तिथून पुढे काही राहिलंच नाही. डाळ-भात, सोमवारचा काटा, न ठेवलेला डॉक्टर, सगळं तिने एका वाक्यात आपल्या पदराखाली घेतलं आणि ती मंडळी मोकळी झाली. बाईंनी नाइलाजाने नोंद केली की क्लबच्या माघारी दिलेल्या औषधांमुळे लक्षणं झाकली गेली, सबब क्लबचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. शेठ दारापर्यंत सोडायला आले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, आप जैसी ईमानदार लेडी मैंने देखी नहीं." आणि रजनीताईला, देवा, रजनीताईला ते ऐकून बरं वाटलं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी रिक्षात बसेपर्यंत दम धरला आणि मग तिला तोंडाला येईल ते बोलले. तुझा खरेपणा तू कुणाच्या पायावर मिरवलास, असंही म्हणाले. ते शब्द मी मागे घेतलेले नाहीत, आणि घेणारही नाही.

क्लबने महिनाभरात गुड्डीला मोकळं केलं. रजनीताईलाही केलं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. शिक्षा झाली याचं तिला समाधानच होतं. गुड्डीचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, नीट झालं, पायात धातूची पट्टी घातली. मग ती आईकडे सुरंगीला गेली. व्यायाम करवून घेणारा कुणी नव्हता. दवाखान्यातल्या मुलाने एकदा करून दाखवलं तेवढंच. रजनीताई आठवड्यातून एकदा अंडी, सुकट, दूध घेऊन सुरंगीला जायची, ओटीवर गुड्डीचा पाय हातात घेऊन, आठवेल तसं वाकव-ताण करायची. शाळेत कवायत शिकवली, तेवढ्या ज्ञानावर. गुड्डी करू द्यायची. कॉलनीत गणपती आले, बायका सवयीने दारात आल्या, तर रजनीताईने पहिल्यांदाच दार लावून घेतलं. त्या वर्षी एकजण गौरीला बाजूला बसली आणि आम्हांला कळलं की देवाचं काही अडलं नाही.

दिवाळीच्या आधी एकदा मी तिच्याबरोबर सुरंगीला गेले. भात कापायला आलं होतं. तानूबाई आम्हांला बघून पुढे आली आणि रजनीताईच्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, पोरीला पाळी आली, दोन येळा आली." रजनीताईने तिचे दोन्ही हात धरले. गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तानूबाई चहा ठेवायला आत गेली.

गुड्डी ओटीवर बसली होती. अंगाने भरली होती, चेहऱ्यावर तकाकी आली होती. चालताना पाय मात्र बाहेर पडत होता आणि गुडघा पुरता वाकत नव्हता. रजनीताईने नेहमीप्रमाणे पाय मांडीवर घेतला.

"आता हाड धरेल बघ," ती म्हणाली. "पुढच्या मोसमापर्यंत—"

"मॅडम," गुड्डी म्हणाली, "प्रथमेश सरांचा फोन आलेला. दारू पिऊन केलेला. रडत होते. त्या दिवशी मीटिंगमध्ये काय झालं ते सगळं सांगितलं त्यांनी."

रजनीताईचा हात थांबला.

"तुम्ही बोलला असतात की सरांना माहीत होतं, तर मला ठेवावं लागलं असतं. सर बोलले, मी पण हो बोललो असतो."

"पण ते खरं नव्हतं गं, गुड्डी. मी कशी सांगणार?"

गुड्डी चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने आपला पाय हळूच रजनीताईच्या मांडीवरून उचलला आणि स्वतःच्या हाताने खाली ठेवला.

"मी एक वर्ष खोटी बोलली, मॅडम. तुमच्याशी, सरांशी, आईशी पण. पाय दुखायचा तर रात्री उशी दाताखाली धरायची. फक्त खेळायला भेटावं म्हणून. तुम्हाला माझ्यासाठी एकदाच बोलायचं होतं."

मी इतके दिवस हेच तिला ओरडून सांगत होते आणि तिने ते अंगाला लावून घेतलं नव्हतं. गुड्डीने आवाजही न चढवता सांगितलं आणि ती बाई माझ्या डोळ्यांसमोर खचली.

तानूबाई आतून चहाची किटली हातात घेऊन दारापर्यंत आली आणि आमचे चेहरे बघून थबकली. "काय झालं गं?" तिने लेकीला विचारलं.

"काय नाय," गुड्डी म्हणाली. "मॅडम निघाल्यात."

कप अजून मांडायचे होते. आम्ही उठलो.